सातव्या पानावरची मांजर

चित्रवालीनं मुलांसाठी गल्लीतल्या पाळीव प्राण्यांचं पुस्तक काढलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुस्तकात बेकरीवाल्याचा कुत्रा होता, न्हाव्याचा पोपट होता, आणि सातव्या पानावर ती स्वतः राहायची त्याच इमारतीतल्या एका खिडकीत एक कानतुटकी मांजर होती. तेच पान उघडून आता इमारतीच्या मालकीणबाई तिच्या दारात उभ्या होत्या.

"इमारतीत जनावर पाळायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"अहो, ते नुसतं चित्र आहे. मनानं काढलेलं."

"मनानं? परवा शाळेत तूच सांगितलंस, बघते तेच काढते म्हणून. माझी नात दोन दिवस तेच घोकतेय." त्यांनी पानावर बोट टेकवलं. "दुसरा मजला, तडकलेली काच. मास्तरांची खिडकी. चल खाली."

जिना उतरताना चित्रवालीला मास्तरांची आई आठवली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीमास्तरांच्या आईची दृष्टी गेली होती. म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. मांजर कुशीत शिरली की तेवढ्यापुरती म्हातारी उठून बसायची, दोन घास खायची.

मास्तरांनी गळ्यात टेप तशीच ठेवून दार उघडलं. पान पाहिलं नि चेहरा पांढराफटक पडला. चित्रवालीकडे त्यांनी असं बघितलं, की दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतून म्याव ऐकू आलं.

"कोण ओरडलं?" मालकीणबाई म्हणाल्या. "मशीन?"

"माझी आहे ती!" चित्रवाली बोलून गेली. "रंग सांडते, म्हणून इथं ठेवते."

"ताई, उगाच कशाला..."

"तुम्ही गप्प बसा, मास्तर."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं. मग महिनाअखेर खोली सोड. आणि मांजर घेऊन जा."

मांजर न्यावी लागेल, हे काही चित्रवालीच्या ध्यानात आलंच नव्हतं. ती तोंड उघडणार, तोच आतून भिंत चाचपत म्हातारी आली. छातीशी मांजर.

"तुझी होती होय गं पोरी? मला वाटलं, आपणहून आली." तिनं आवाजाच्या रोखानं मांजर पुढे केली. "घे. सकाळपासून खाल्लं नाही तिनं."

चित्रवालीचे हात काही वर होईनात.

"आजी, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुमचीच आहे ती."

"आमचीच," मास्तर म्हणाले.

"मग महिनाअखेर तुम्ही, मास्तर." मालकीणबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या खाली निघून गेल्या.

"काय म्हणाली रे ती?" म्हातारीनं विचारलं.

"खोली सोडायची, आई."

म्हातारीनं मांजर परत छातीशी घेतली. "हिला नेता येईल ना?"

मास्तरांनी मान डोलावली. मग त्यांच्या लक्षात आलं, तिला दिसत नाही.

"हो," ते म्हणाले.