सीट गुळगुळीत होती म्हणे

पृथ्वीवर जिथे जिथे बर्फ पडतो, तिथे तिथे माझ्या कुळाचे राज्य आहे. घोड्याचे पाय जिथे रुततात आणि मोटारी जिथे शरण येतात, तिथून पुढे आमची हद्द सुरू होते. ध्रुवाकडच्या लांबलचक रात्रींना आमचेच दिवे काय ते माहीत असतात. मित्रांनो, अशा या थोर घराण्यातली मी एक जुनी बर्फगाडी आहे. सध्या मी कार्डिफमधल्या एका गॅरेजात उभी असून माझ्या पाठीवर बासमती तांदळाचे पोते आहे.

इंग्रजीत मला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मधे इंजिन आणि वर दोघांना पुरेल अशी लांब सीट. रचना एवढीच, बाकी सगळा स्वभाव. माझा जन्म कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी स्कॉटलंडच्या डोंगरावर घसरून पडलेल्या लोकांना खाली आणण्याचे काम केले. पाय मोडलेला माणूस फार मनापासून आभार मानतो. ते दिवस मानाचे होते. पुढे तिथे माझ्याहून तरुण गाडी आली आणि मला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत उभे केले गेले.

तिथून मला डॉ. शशिकांत बोपर्डीकर आणि मोहन उकिडवे यांनी आणले. शशिकांत कार्डिफच्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर. मोहनराव शेजारच्या घरात राहणारे आणि बसगाड्यांच्या वर्कशॉपमधले इंजिनिअर. ब्याऐंशीच्या जानेवारीत साउथ वेल्समध्ये बर्फाचे वादळ आले. सगळे शहर गाडले गेले आणि डॉक्टर इस्पितळातच अडकून पडले. तेव्हा हे मोहनराव स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी घेऊन कंबरभर बर्फातून चालत इस्पितळात पोचले. खिचडी गोठली होती. डॉक्टरांनी ती सुरीने कापून खाल्ली आणि डोळे पुसून म्हणाले, "मोहन्या, पुढच्या वादळाच्या आत आपल्याकडे गाडी पाहिजे."

म्हणून मी आले. बर्फगाडी रस्त्यावर चालवायला या देशात परवानगी नसते, हे त्यांना मी आल्यावर कळले. तोवर कार्डिफमधला बर्फही वितळला होता.

मग दर फेब्रुवारीत मला ट्रेलरवर चढवून स्कॉटलंडला नेण्याची पद्धत पडली. तिथे मॅकरे नावाच्या मेंढपाळाचा खाजगी डोंगर होता. "मेंढ्यांच्या वाटेला जाऊ नका" एवढीच त्याची अट. पहिल्या दिवशी मी सुरू होईना. दोरी ओढून ओढून डॉक्टरांचा खांदा दुखायला लागला. तेव्हा मोहनराव म्हणाले, "थांब. तिकडून धर." आणि पुण्यात स्कूटर कलती करून सुरू करतात, तसे त्या दोघांनी मला डाव्या कुशीवर कलती केले. माझ्या घराण्यात असा प्रसंग कुणावर आला नव्हता. लाजेने म्हणा की आणखी कशाने, मी सुरू झाले. मॅकरे टोपी काढून बघत राहिला.

मित्रांनो, त्या डोंगरावरचा आनंद मी कसा सांगू? पहाटे पडलेल्या बर्फावर पहिली रेघ आपली असते. वळणावर दोघांनी एकाच बाजूला झुकावे लागते. एक जरी वेगळे मत घेऊन बसला, तरी तिघेही आडवे. हे दोघे वारंवार आडवे होत, मग उताणे पडून हसत. बेसनाचे लाडू थंडीने असे कडक होत, की ते माझ्या स्कीवर आपटून फोडावे लागत. थर्मासमधला चहा, हातमोज्यांत अडकलेला चिवडा आणि हेल्मेटच्या आतून म्हटलेली नाट्यगीते. तिसरा कुणी तिथे नसे, म्हणून सूर लागे.

आणखी एक गोष्ट सांगते. मराठी मध्यमवर्गीय पुरुष मित्राला मिठी मारत नाही. फारच भरून आले तर पाठीवर थाप मारतो आणि लगेच हवामानाबद्दल बोलू लागतो. माझ्या सीटवर मात्र मागच्याने पुढच्याच्या पोटाभोवती हात आवळलेच पाहिजेत. तसा नियमच आहे. त्यामुळे वर्षातून चार दिवस या दोन माणसांना एकमेकांना घट्ट धरून बसता येई, आणि कुणालाही काही स्पष्टीकरण द्यावे लागत नसे. ही सोय मी केली होती. मला त्याचा अभिमान होता.

पुढे मोहनरावांना लेस्टरला नोकरी लागली. ते गेले, पण फेब्रुवारी चालू राहिला.

आणि मग एक्याण्णव साल आले. मोहनराव चालवत होते, डॉक्टर मागे. धुके उतरले आणि उतारावर अचानक पुढची जमीन संपली. खाली घळ होती. मोहनरावांना ती दिसली नाही. त्यांच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या डॉक्टरांना दिसली.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी हात सोडले आणि ते बाजूला बर्फात उतरले.

फेकला जाणारा आणि उतरणारा यांतला फरक आम्हा गाड्यांना चांगला कळतो. फेकला जाणारा शेवटपर्यंत धरून ठेवतो, त्याचे पाय आधी जातात. उतरणाऱ्याचे हात आधी सुटतात. मी आणि मोहनराव, आम्ही दोघेच त्या घळीत गेलो. नशिबाने खाली मऊ बर्फ होता. मोहनराव मिशांतून बर्फ झटकत वर आले, तर डॉक्टर धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि रडत म्हणाले, "फेकला गेलो रे मी! पार फेकला गेलो!"

मोहनरावांनी गळ्यातले त्यांचे हात सोडवले. मग म्हणाले, "लागलं नाही ना तुला?"

इथून माझ्या दुर्दैवाची सुरुवात झाली. त्या वर्षी दिवाळीला मोहनराव लेस्टरहून कार्डिफला आले आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी हा किस्सा सांगितला. शशिकांत कसा फेकला गेला. टाळ्या. दुसऱ्या वर्षी शशिकांत ब्रेक दाबायला वाकला म्हणून फेकला गेला. आणखी टाळ्या. तिसऱ्या वर्षी तो "मोहन्या, तू स्वतःला वाचव!" असे ओरडत फेकला गेला आणि मंडळाने त्याला शाल दिली. मी काही हॉलमध्ये नव्हते. पण घरातला मोठा फ्रीझर गॅरेजात माझ्या शेजारीच आहे. पार्ट्यांना बर्फ न्यायला येणारे नवरे तिथे उभे राहून सगळे बोलतात.

या तीन वर्षांत डॉक्टरांनी मला एकदाही बाहेर काढले नाही. पहिल्या फेब्रुवारीत ड्यूटी होती, दुसऱ्यात पाठ धरली होती. खरी भीती वेगळी होती. माझ्यावर बसले, की पुन्हा हात धरावे लागणार, आणि त्या हातांवरून मोहनरावांना सगळे कळणार. मग सगळ्या जन्मात जोडलेला हा एकच मित्र जाणार. तिसऱ्या वेळी कारणे संपली आणि ते फोनवर म्हणाले, "अरे, गाडीच बिघडली आहे."

मित्रांनो, मी ठणठणीत होते. त्यांची मुलगी मीनल कधी घरी आलीच, तर गंमत म्हणून मला सुरू करून बघत असे. ती म्हणालीसुद्धा, "बाबा, तुमचा गाडी अजिबात ब्रोकन नाहीये. मी आत्ता स्टार्ट केला."

"तुला त्यातलं काय कळतं?" डॉक्टर ओरडले. "इंजिन गेलंय!"

"मग आवाज कसला येत होता? गार्डनमधला बेडकाचा?"

पण गाडी बिघडली, हे इंजिनिअरला सांगायचे नसते. आठवडाभरात डॉक्टरांच्या पत्नी मधुमतीबाई गॅरेजात येऊन म्हणाल्या, "अहो, मोहनभावजींचा फोन होता. शनिवारी येतायत. टूलबॉक्स घेऊन. म्हणाले, गाडी दुरुस्त केल्याशिवाय जेवणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा त्यांचे पेशंट करत असतील.

शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. हात धुतलेले होते. माझे झाकण त्यांनी हलकेच उघडले आणि आयुष्यभराच्या सवयीने, सुई टोचण्याआधी पेशंटला सांगतात तसे पुटपुटले, "शार्प स्क्रॅच." मग पान्याने माझा एकुलता एक स्पार्क प्लग काढला आणि कार्डिगनच्या खिशात टाकला. ज्या माणसाला मी इतकी वर्षे पाठीवर घेतले, त्याने मला भूल दिली, आणि तीही ऑपरेशन नसताना.

शनिवारी मोहनराव आले. कोट काढला, बाह्या वर केल्या, झाकण उघडले. प्लगच्या जागी नुसते भोक होते. त्यांनी त्या भोकात बोट घालून बघितले.

"शशा, काय झालंय म्हणालास हिला?"

"इंजिनचं काहीतरी. आवाजच करत नाही."

"प्लग नसल्यावर कशाला करेल? प्लग कुठाय?"

"पडला असेल."

"स्क्रू फिरवून?"

"व्हायब्रेशननं कधीकधी…"

"तीन वर्षं ही जागची हललेली नाही. कसलं व्हायब्रेशन? फ्रीझरचं?"

डॉक्टरांनी खिशातून प्लग काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग मान खाली घालून म्हणाले, "मोहन्या, त्या दिवशी मी फेकला गेलो नव्हतो. मी उडी मारली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून! तुझे हात माझ्या पोटावर होते, गाढवा. सुटलेले कळणार नाहीत मला?"

"मग मंडळात दरवर्षी ते सगळं का सांगत होतास?"

"म्हटलं, आता तरी हा उठून 'खोटं आहे' म्हणेल. तू उठेनास, म्हणून मी वाढवत गेलो. शेवटी 'तू स्वतःला वाचव' असंसुद्धा तुझ्या तोंडी घातलं. तर तू शाल घेतलीस!"

"लोकरीची होती रे," डॉक्टर म्हणाले.

मोहनराव हसले नाहीत. "उडी मारलीस त्याचं काही नाही. मलाही दिसली असती घळ, तर मीही मारली असती. पण जाताना 'मोहन्या' एवढं म्हणता आलं नाही तुला? खिचडी घेऊन आलो होतो मी, शशा."

फ्रीझर घुरघुरत राहिला. मला वाटले, आता मोहनराव कोट उचलून जातील. त्यांनी कोट उचललाही. डॉक्टर त्यांच्या आड येऊन उभे राहिले आणि काय करावे ते न सुचून त्यांनी दोन्ही हात मोहनरावांच्या पोटाभोवती आवळले. पुढून. गाडीबिडी काही नसताना. दोन पिकल्या केसांचे मराठी गृहस्थ माझ्यासमोर एकमेकांना धरून रडत होते आणि माझी त्या कामी काहीएक गरज नव्हती, हे माझ्या लक्षात आले.

"सोड, श्वास अडकतोय," मोहनराव म्हणाले. पण कोट त्यांनी परत ठेवला होता.

एवढ्यात मधुमतीबाई आत आल्या. "काय भावजी, होतेय का दुरुस्त? पानं घेतलीयत."

दोघे चटकन बाजूला झाले. एकमेकांकडे बघितले. आता खरे सांगायचे, तर घळ सांगावी लागणार, उडी सांगावी लागणार आणि शाल परत द्यावी लागणार. मला आशा होती. खरेच होती. इतक्या वर्षांत मोहनराव माझ्या इंजिनाशी खोटे वागले नव्हते.

मोहनरावांनी माझ्या प्लगवर मूठ आवळली आणि ती स्वतःच्या खिशात घातली.

"नाही हो वहिनी," ते म्हणाले. "काही राम राहिला नाही हिच्यात."

"खरं म्हणजे पहिल्यापासूनच तशी होती," डॉक्टर म्हणाले.

"आणि सीट बघा, किती गुळगुळीत आहे. माणूस टिकणार कसा? शशा फेकला गेला यात नवल काय!"

"तरी मी म्हणतच होते," मधुमतीबाई म्हणाल्या. "काढून टाका एकदाची."

आणि ते तिघे जेवायला गेले. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्या दोघांना तसे हसताना मी डोंगरावर ऐकले होते.

आता सगळे ठीक आहे. माझे नव्हे, त्यांचे. दर फेब्रुवारीत दोन्ही कुटुंबे टेनेरिफ बेटावर जातात. तिथे ऊन असते. मंडळात किस्सा अजून सांगतात, फक्त खलनायक बदलला आहे. माझी सीट दरवर्षी अधिकाधिक गुळगुळीत होत चालली आहे. मागच्या दिवाळीत तर म्हणे मी आपण होऊनच घळीकडे वळले होते.

मित्रांनो, मी राग धरलेला नाही. गाड्यांनी तो धरायचा नसतो. आम्हाला तेवढी बॅटरी नसते. पण वस्तूंना जपा. ज्या वस्तूने तुम्हाला दुसऱ्या माणसाच्या जवळ नेले, तिच्यावर निदान खोटा आळ घेऊ नका. दोन मित्रांचा समेट व्हावा, तो खुशाल व्हावा. पण तो एका निरपराध गाडीला दोषी ठरवल्याशिवाय होतच नाही, असे का? याचा लहानपणीच विचार करा. मोठेपणी जमत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

मी न्याय मागत नाही. प्लगही मागत नाही. माझी फक्त एक विनंती आहे. जाताना तेवढे गॅरेजचे दार नीट ओढून घ्या. मला थंडी वाजते.