फोन राखण्याचा आठवडा

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. रंग फिका हिरवा, पोटावर गोल तबकडी, पाठीमागून निघालेली एक तार. ती तार भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते, तुतीच्या झाडावरून खांबावर चढते आणि पुढे कुठे जाते ते मी पाहिलेलं नाही. पण ऐकलं मात्र पुष्कळ आहे.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लांब टेबलाशी बसलेल्या मुलींनी माझे भाग जोडले. शेवटच्या मुलीने मला कानाला लावलं आणि हलकेच म्हणाली, "वेई, वेई?" कुणी आहे का तिकडे? तिकडे कुणीच नव्हतं. तिने हसून मला खोक्यात ठेवलं. मी ऐकलेला तो पहिला आवाज. कधी कधी दुपारी घर निजलेलं असताना तो अजून माझ्यात गुणगुणतो.

खोक्यातून निघालो तो समुद्रकाठच्या या घरात. इथे मिठाच्या शेवया करतात. पहाटे कणीक मळायची, ती ओढून ओढून सुतासारखी बारीक करायची आणि अंगणात बांबूच्या काठ्यांवर वाळत घालायची. समुद्रावरून वारा आला की सगळं अंगण पांढऱ्या केसांसारखं हलतं. समुद्राची देवी मात्सू माता हिच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर माझी जागा. रोज पहाटे घरची बाई चाओदी तीन उदबत्त्या लावते, हात जोडते आणि बाहीने नव्हे, त्याच कामासाठी ठेवलेल्या एका मऊ फडक्याने मला पुसते. त्यामुळे माझ्या अंगाला नेहमी चंदनाचा वास येतो.

चाओदी या नावाचा अर्थ ठाऊक आहे? 'भावाला घेऊन ये.' चार मुलींनंतर पाचवीही मुलगीच झाली म्हणून बापाने हे नाव ठेवलं. ती फार हळू बोलते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ती मासे-मांस खात नाही, आणि त्या दोन्ही दिवशी तोंडातून खोटा शब्द काढायचा नाही असं तिचं व्रत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षीच तिने ते नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा चिनथू म्हणाला होता, "म्हणजे उरलेले अठ्ठावीस दिवस मी सावध राहायचं तर!"

मी आलो तेव्हा गल्लीत माझ्यासारखा दुसरा नव्हता. सगळी गल्ली माझ्यातून बोलायची. जन्म, मरण, शेवयांच्या मागण्या, वादळाच्या बातम्या. पण एका गोष्टीवर कुणी बोलत नसे. देश कोण चालवतो, बरा चालवतो की वाईट, याबद्दल माझ्यातून अवाक्षर निघत नसे. तो लष्करी कायद्याचा काळ होता. लोक नुसतं विचारायचे, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" पलीकडचा म्हणायचा, "ढगाळ." मग दोघेही गप्प. त्या शांततेत मला कधी कधी तिसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. स्वप्नात येतो तसा, अगदी जवळून.

पुढे तो काळ सरला. लोकांना कंठ फुटला. सगळ्यांत जास्त फुटला तो आमच्या चिनथूला. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तो टीव्हीशी भांडायचा. चाओदी शेजारी बसून शेवयांच्या जुड्या बांधायची. "काय गं, बरोबर आहे ना माझं?" असं विचारून उत्तराच्या आधीच तो पुढचं वाक्य बोलायला लागायचा.

मित्रांनो, आता जे सांगतो ते याच घरात घडलं, तीन वर्षांपूर्वी.

आमच्याकडे पक्षाचा पुढारी निवडायची एक रीत आहे. दोघे इच्छुक असले की पक्ष लोकांच्या घरी फोन लावतो आणि विचारतो, तुम्हाला यांतलं कोण हवं? फोन लावतात तो माझ्यासारख्या घरातल्या, तारेच्या फोनवर. कुणाच्या घरी लागेल याचा नेम नसतो. म्हणून त्या आठवड्यात माणसं संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत. याला आम्ही 'फोन राखणं' म्हणतो.

त्या वर्षी एका बाजूला होते फांग साहेब आणि दुसऱ्या बाजूला मेंग बाई. वस्तीचे प्रमुख आश्यूंग हे चिनथूचे बालमित्र. ते फांग साहेबांचे. ते आमच्या दारात आले, बूट काढून बसले आणि म्हणाले, "चिनथू, तुझ्या घरचं नाव फांग साहेबांच्या यादीत लिहितो."

"लिही की. विचारायचं काय त्यात!"

"फोन आला तर एकच नाव. 'दोघेही चांगले' वगैरे शहाणपणा नको. सरळ म्हणायचं, फक्त फांग साहेब."

"शब्द दिला," चिनथू म्हणाला.

हा शब्द साधा नव्हता. फार वर्षांपूर्वी वादळात गल्लीत कमरेपर्यंत पाणी चढलं होतं, तेव्हा तापाने फणफणलेल्या लहानग्या बीयुनला, म्हणजे या घरच्या एकुलत्या मुलीला, आश्यूंगनीच पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. चिनथूने त्यांना आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही.

मग सुरू झाला फोन राखण्याचा आठवडा. माझ्या म्हातारपणात असं कौतुक मी कधी अनुभवलं नव्हतं! बीयुन राजधानीत, ताइपेईला गेल्यापासून सगळे खिशातल्या फोनवर बोलायचे. मी नुसता फळीवर. आणि आता चिनथू स्टूल टाकून माझ्यासमोर बसलेला. चहा तिथेच, भोपळ्याच्या बिया तिथेच. मी एकदा खणखणलो की तो झडप घालायचा.

"फक्त फांग साहेब!"

"बाबा, मी बीयुन. तुमचा मोबाईल बंद का आहे?"

"ठेव फोन! लाईन अडकवू नकोस!"

दुसऱ्या दिवशी गॅसवाला. "फक्त फांग साहेब!" गॅसवाला म्हणाला, "काका, फांग साहेब देतील तेव्हा देतील. मी सिलिंडर आणू की नको?" तिसऱ्या दिवशी देवळातून एका ताईंनी उत्सवाच्या पंगतीला किती माणसं धरू असं विचारलं, तर त्यांनाही तेच उत्तर मिळालं. चाओदी जुड्या बांधता बांधता तोंडाला हात लावून हसत होती.

पाचव्या दिवशी चांद्र महिन्याचा पंधरावा होता. चाओदीने दुपारी पालेभाजी आणि टोफू केला होता. ऊन कलायला लागलं होतं, उदबत्तीचा धूर उभा सरळ चढत होता, आणि मी वाजलो.

"फक्त फांग..."

"नमस्कार, आम्ही मतचाचणीसाठी फोन करतोय," पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिच्यामागे चाळीस-पन्नास आवाज एकाच सुरात घुमत होते, पोळ्यात माश्या घुमाव्यात तसे. "आपल्या घरात मतदार किती?"

"दोन. मी आणि बायको. आणि माझं मत..."

"थांबा हं आजोबा. यादीप्रमाणे आपल्या घरातल्या बाईंना विचारायचंय. त्यांना देता का?"

"तिचं-माझं एकच. मी सांगतो ना!"

"तसं चालत नाही, आजोबा."

चिनथूने माझ्या तोंडावर तळहात घट्ट धरला. "अगं ए, तुला मागतेय. ऐक, एकच शब्द बोल. फांग. बाकी काही नको."

चाओदीने हाताचं पीठ झटकलं, हात धुतले, कोरडे केले. देवाला हात लावण्याआधी करते तसंच. मग मला कानाला लावलं. तिचा कान थंड होता आणि श्वास भरभर चालला होता.

"आजी, देशाचा सध्याचा कारभार पाहून आपण फार समाधानी, थोड्या समाधानी, असमाधानी, की सांगता येत नाही?"

चाओदी विचार करू लागली. मला वाटतं, इतका लांब विचार माझ्या तारेत कधी कुणी केला नसेल. अंगणात शेवया हलत होत्या. तो पांढरा हलता उजेड भिंतीवर, मूर्तीवर, माझ्यावर पडत होता, आणि एक क्षणभर मला वाटलं की आम्ही सगळे पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी अगदी हळू हाक मारतंय.

"आजी? आहात ना?"

"आहे, बाळ. सकाळी विचारलंस तर समाधानी. बातम्या ऐकल्यावर नाही."

मुलगी हसली. "मला एकच खूण करता येते, आजी."

"मग थोडी कर."

"बरं. आता पक्षाचं नेतृत्व कुणी करावं? फांग साहेब, मेंग बाई, की सांगता येत नाही?"

चाओदीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ओठांनी नुसतं 'फांग' केलं.

"जरा थांब हं, बाळ," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज पंधरावा आहे."

चिनथूचा चेहरा उतरला. "मग 'सांगता येत नाही' म्हण. त्यात खोटं काही नाही. आश्यूंगला मी काय तोंड दाखवू?"

"पण मला सांगता येतं हो," चाओदी म्हणाली.

एवढंच. मग ती माझ्याकडे वळली. "मेंग बाई."

चिनथू स्टुलावर बसला तो बसलाच.

"नक्की का, आजी?"

"नक्की. देवळाच्या मागच्या उत्सवात दोघेही आले होते. फांग साहेबांनी देवीपुढे फोटो निघेपर्यंतच डोळे मिटले. मेंग बाईंनी मला विचारलं, शेवया उन्हावर वाळवता की वाऱ्यावर? मी सांगत बसले तर उभ्या राहून ऐकलं."

"हे मला लिहिता येत नाही, आजी. आता शिक्षण?"

"दुसरीपर्यंत."

"व्यवसाय?"

"गृहिणी, गृहिणी," चिनथू स्टुलावरून पुटपुटला.

"शेवया करते," चाओदी म्हणाली. "त्रेपन्न वर्षं झाली. झालं ना? जेवलीस का गं तू?"

पलीकडचे चाळीस आवाज घुमतच होते. त्यांतली ती एक मुलगी म्हणाली, "नाही अजून. जेवते, आजी."

त्या रात्री घरात कुणी कुणाशी भांडलं नाही. ते भांडणापेक्षा वाईट होतं. चिनथूने काठ्यांवरच्या शेवया उतरवल्या आणि निम्म्या जुड्या उलट्या बांधल्या. चाओदीने त्या मुकाट्याने सोडून पुन्हा बांधल्या.

निकाल लागला. मेंग बाई पुढारी झाल्या, आणि फरक होता एक टक्क्याहूनही कमी. दुसऱ्या सकाळी आश्यूंग आले. बूट न काढता उंबऱ्यातच उभे राहिले.

"माझ्याच वस्तीत कुणीतरी दगा दिला असणार, चिनथू. मी घरोघर विचारत फिरतोय. तुझ्याकडे फोन आला होता?"

चाओदी चहा ओतत होती. तिचा हात थांबला. त्या दिवशी कुठलंच व्रत नव्हतं. चिनथू 'नाही आला' म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं? मला कळलं असतं, पण मला आपणहून बोलता येत नाही.

चिनथूने घसा खाकरला. "आला होता. पण माझ्यासाठी नव्हता. हिच्यासाठी होता."

"म्हणजे?"

"हिला विचारलं. हिने सांगितलं."

"अरे, पण तू शब्द दिला होतास!"

"माझा दिला होता. हिचा माझ्याकडे कधी नव्हताच. तो मी कसा देणार? चूक माझी झाली, आश्यूंग. ओरडायचं तर माझ्यावर ओरड."

आश्यूंगनी चाओदीकडे पाहिलं. तिने चहाचा पेला त्यांच्यापुढे धरला आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "भावजी, मी मेंग बाईंचं नाव घेतलं. तुमचे उपकार मी विसरलेली नाही."

त्यांनी पेला घेतला नाही. ते गेले आणि पुढे पाच महिने आमच्या गल्लीतून जाताना मान वळवून जात राहिले. ते पाच महिने चिनथू रोज संध्याकाळी दोन पेले मांडायचा, एक आश्यूंगचा, आणि आपल्या एकातच चहा ओतायचा. फार जड होते ते दिवस.

मेंग बाईंनीही पुढे काही मोठं केलं नाही. देशाची निवडणूक त्या हरल्या आणि पक्षात भांडणं लागली. त्याच सुमारास एका दुपारी आश्यूंग मासे घेऊन दारात आले. या वेळी बूट काढले.

"काय वहिनी, तुमच्या बाईंनी काय उजेड पाडला?"

"नाही पाडला, भावजी," चाओदी म्हणाली. "चुकलंच माझं. पण बघा ना, इतकी वर्षं हे चुकायचे आणि मी यांच्यामागून चुकायची. या खेपेला माझी मी चुकले."

आश्यूंग इतके हसले की माझ्या पोटातली घंटा थरथरली. "मग पुढच्या वेळी कोण?"

चिनथू उत्तर द्यायला तोंड उघडणार होता. त्याने ते मिटलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मग दोघेही म्हातारे चाओदीकडे बघत बसले, आणि ती मासे साफ करता करता विचार करू लागली.

मित्रांनो, आता मला काढून टाका असं बीयुन म्हणते. तिचं खरं आहे, माझ्यातून आता कुणी फारसं बोलत नाही. मी गेलो तरी मला दुःख नाही. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण एक मागणं आहे. घरात सगळ्यांत हळू जे कुणी बोलतं, त्याला कधीतरी विचारा, तुला काय वाटतं? देशाबद्दल विचारा, नाहीतर आजच्या भाजीबद्दल विचारा. आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. ते तुमच्या सोयीचं नसेल, कदाचित बरोबरही नसेल. तरी ते पुरतं कानावर येईपर्यंत मधेच रिसीव्हर खाली ठेवू नका.