बाराव्या ठाण्याची चावी

अफसानानं तिसऱ्यांदा तीच आज्ञा टाइप केली आणि पडद्यावर तेच उत्तर आलं: परवानगी नाकारली.

आदल्या संध्याकाळी तिनंच सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. तेव्हापासून नदीकाठच्या बाराही ठाण्यांच्या नोंदी थांबल्या होत्या. ठाण्यावरचं यंत्र पाण्याची पातळी मोजून कोल्हापुरातल्या या संस्थेकडे पाठवायचं. आत शिरायला त्याच्याजवळ पासवर्डऐवजी एक डिजिटल चावी असायची. त्या नोंदींवरूनच काठच्या गावांना इशारे जात. आणि घाटात तीन दिवस पाऊस उघडत नव्हता.

संस्थेचे प्रमुख हंबीरराव दोनदा येऊन गेले. जुनंच सॉफ्टवेअर परत टाक, असं त्यांचं म्हणणं. जुन्यातून कुणीही आत घुसू शकतं म्हणून तर बदललं, असं सांगून तिनं दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली.

चाव्या जागेवर होत्या. फोल्डरच्या परवानग्याही बरोबर होत्या. मग तिनं सर्व्हरला प्रत्येक हालचाल सविस्तर लिहायला लावली आणि ओळ न् ओळ वाचत बसली. चहावर साय धरली. शेवटी सापडलं. चाव्या खऱ्याच होत्या, पण ओळख पटवताना त्यांनी केलेली जुन्या पद्धतीची डिजिटल सही नव्या सॉफ्टवेअरला मान्य नव्हती.

सगळ्यांनाच जुनी सही चालू करून देणारी एक ओळ तिला पाठ होती. ती तिनं लिहिली नाही. फक्त ठाण्यांच्या नोंदवलेल्या इंटरनेट-पत्त्यांपुरती तासाभराची मुभा दिली. यंत्रं एकेक करून जोडली गेली, तशी ती प्रत्येकात नवी चावी बसवत गेली. अकरा झाली. घाटातलं बारावं ठाणं, गगनबावडा, बाहेरच राहिलं.

तिथली नोंद इतरांसारखी सतत न येता नेहमीच तीन-तीन तासांनी यायची. घाटात रेंज नसते, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आता तिनं जोडणीचा पत्ता पाहिला; तो घाटातला नव्हता. ती चावी घेऊन कुणीतरी कोल्हापुरातूनच प्रयत्न करत होतं. चावीच्या ओळीच्या टोकाला नाव होतं: कृष्णात. तिला हे काम शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले कृष्णात सर.

तिनं फोन लावला.

"सर, गगनबावड्याची नोंद तुमच्या घरातनं येती?"



"व्हय. यंत्र दोन वर्षांमागच्या पुरात गेलं. नव्याला मंजुरी मिळंना. पुलाजवळची धोंडुबाई पाण्यातली मापाची पट्टी बघून फोनवर सांगती, मी पाठवतो. काल सांजंपासनं जाईना झालंय. नवी चावी करून दे की."

अफसाना म्हणाली, "चावी यंत्रालाच मिळती, सर. तुम्हाला न्हाय देता येणार. धोंडुबाईंचा नंबर द्या."

सरांनी नंबर सांगितला. तिनं तो लिहून घेतला आणि कृष्णात नावाची ओळ चाव्यांच्या यादीतून पुसली.

धोंडुबाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. पाठीमागे पाण्याचा आवाज होता. अफसानानं आपण कोण ते सांगितलं.

"सकाळधरनं सरांचा फोनच न्हाय. पाणी चढाय लागलंय, बाई. चौदा फूट दोन इंच. लिवा."

अफसानानं लिहिलं. खालच्या गावांना इशारा धाडला. मग त्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात, जिथं दोन वर्षं 'यंत्र' असं येत होतं, तिथं तिनं धोंडुबाईंचं नाव टाइप केलं आणि ती नोंद छापून तो कागद घेऊन ती हंबीररावांच्या खोलीकडे निघाली.