झाकणात अडकलेला भाकरीचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या झाकणावर बारीक ठिपक्यांनी ‘ज्ञानदा’ असं कोरलंय, पण ते माझं नाव नव्हे. आमच्या सोलापुरात नवं भांडं घेतलं की दुकानदार त्यावर यंत्रानं नाव घालून देतो. मधल्या मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानात त्या यंत्राची सुई मला टोचली, तेवढंच माझं दुखणं. पुढं जे दुखलं, ते दुसऱ्यांचं.

ज्ञानदा तेव्हा माढ्याहून एसटीनं कुर्डुवाडीला कॉलेजला जायची. तिची आई सोनाबाई पहाटे चुलीपुढं बसून ज्वारीची भाकरी थापायची आणि माझ्यात शेंगाचटणीसोबत घालायची. वर्गातल्या मुली चपात्या आणायच्या. माझं झाकण उघडलं की त्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. ‘आली बघा भाकरीबाई.’ मग ज्ञानदा माझं झाकण आडोशाला धरून जेवायची. त्या झाकणामागं तिनं मनाशी एक गाठ बांधली. माझ्या लेकराच्या डब्यात भाकरी जाणार नाही. मऊ, तेल लावलेली, घडीची चपातीच जाईल.

तिनं ती गाठ सोडली नाही. लग्न होऊन ती सोलापूरला आली, शाळेत शिक्षिका झाली. तिला ओवी झाली. ओवी शाळेत जाऊ लागली आणि मी तिच्या दप्तरात गेलो. रोज घडीच्या चपात्या. मी तेव्हा किती मिरवलो, काय सांगू.

पण ओवी खाईना. अर्धी चपाती कुरतडायची आणि पोटावर हात दाबून बाकावर डोकं टेकायची. मी भरलेला जायचो, भरलेला परत यायचो. घरी बोलणी बसायची. पोरगी नखरेल आहे, असं ज्ञानदा सगळ्यांना सांगायची. पोट बिघडलं की भाकरी जड पडेल म्हणून हलकं काहीतरी द्यायची. दुधात टोस्ट, गव्हाच्या रव्याची खीर. पोट आणखी बिघडायचं. ओवीची उंची खुंटली, तोंड सारखं येऊ लागलं, हात काटक्यांसारखे झाले.

सुट्टीत मात्र माढ्याला गेली की ती फुलून यायची. तिथं तिन्ही त्रिकाळ भाकरी. सोनाबाई म्हणायची, “हितलं पाणी मानवतंय पोरीला, दुसरं काय न्हाय.” सगळ्यांना ते पटलं. मग गावच्या विहिरीच्या पाण्याचे कॅन भरून सोलापूरला येऊ लागले. पाण्याची ने-आण सुरू झाली, भाकरीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. हसू नका मित्रांनो. माणसं मायेनंच चुकतात बऱ्याचदा.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मी दप्तरात होतो, सगळं ऐकत होतो. त्या म्हणाल्या, हा सीलिॲक आजार असू शकतो. यात गहू आतड्याला सोसत नाही, आतून ओरखडे काढत राहतो. पण नुसत्या रक्तावरून खात्री नाही. दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासावा लागेल. मग त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. “तोवर गहू बंद करायचा नाही. बंद केला तर आतडं भरून येईल, तपासणीत काही दिसणार नाही, आणि आपण परत अंधारातच.”

दुर्बिणीची तारीख लांबची मिळाली.

मित्रांनो, त्या दिवसापासून आम्ही तिघं एका कोंडीत सापडलो. कशानं दुखत असेल हे आईला कळलं होतं आणि तेच तिला लेकीच्या डब्यात घालायचं होतं. कणीक मळताना ती पूर्वी रेडिओ लावायची. आता सोनाबाईच्या जात्यावरच्या गाण्याच्या चालीवर हळूच स्वतःचंच काही म्हणायची.

माझ्या हातानं गं मळू, माझ्या हातानं गं लाटू
लेकीच्या दुखण्याचा घास, कोणासंगं गं मी वाटू

मग माझ्या दोन्ही कड्या लावायची. टक, टक. आत अंधार, आणि त्या अंधारात वाफाळणारी चपाती आणि मी.

आणि एके दिवशी मी रिकामा परत आलो. दुसऱ्या दिवशीही. ज्ञानदानं ओवीला जवळ घेतलं, शाबास म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

खरं काय ते मला ठाऊक होतं. ओवीच्या शेजारी दाक्षायणी बसायची. तिचं घर दुधनीकडचं, घरात कानडी बोलणारं. तिची आई, तिची अव्वा, तीळ लावून कडक भाकरी करायची. पापडासारखी पातळ, मोडली की कडकन वाजणारी. ओवीचं तोंड पाहून दाक्षायणी म्हणाली होती, “तुझी चपाती मला दे, माझी भाकरी घे की. आमच्या अव्वाला काय कळतंय?” भाकरी माझ्यात आली, चपाती तिच्या डब्यात गेली. ओवीचं पोट शांत झालं. ती मधल्या सुट्टीत खो-खो खेळू लागली.

मी ओरडून सांगू शकत नव्हतो. लेकरू हसत होतं, ते बघून बरं वाटत होतं. आणि दुर्बिणीची तारीख जवळ येत होती. आतडं भरून येत असेल, तपासणी खोटं सांगेल, आणि पोरगी पुन्हा नखरेल ठरेल. माझं रिकामं पोट रोज आईला फसवत होतं. डब्याला तोंड असतं, पण बोलायला नसतं.

एका संध्याकाळी घासताना ज्ञानदानं माझ्या झाकणाचं रबर ओढून काढलं. त्याखाली भाकरीचा नखाएवढा तुकडा होता, त्यावर एक तीळ. नळ तसाच वाहत राहिला.

“ओवी, ही कुणाची भाकरी?”

ओवी पायानं फरशी खरवडू लागली. “दाक्षूची. ती खाल्ली की दुखत नाही, आई.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “मग दुखतं तेच तू का भरून देतेस?”

ज्ञानदा तिथंच खाली बसली. मी तिच्या ओल्या हातात होतो.

“त्याचं नाव कळायला पाहिजे बाळा,” ती म्हणाली. “नाव कळलं की मी त्याला घराबाहेर काढीन. नाहीतर जन्मभर लोक तुलाच नावं ठेवतील. मीसुद्धा ठेवलीच की.”

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. तारीख आणखी पुढं गेली आणि चपाती पुन्हा सुरू झाली. दाक्षायणीला कळलं तेव्हा ती रडवेली झाली. मग तिनं स्वतःच ठरवलं, ओवीची चपाती संपेपर्यंत आपला डबा उघडायचा नाही. “खा निवांत,” ती म्हणायची. “पण तोंड असं करू नको, हेडबाई वाढायला आल्यासारखं.” ओवीला हसू यायचं, आणि हसता हसता एक घास आत जायचा. दुपारी ती पुन्हा बाकावर डोकं टेकायची.

आता दुर्बीण झाली आहे. तुकडा तपासायला गेला आहे, उत्तर यायचं आहे. पुन्हा तपासायची वेळ आली तर म्हणून तोवर गहू चालूच ठेवायला सांगितलाय. फोन वाजला की घरात सगळे थबकतात. होय आलं, तर गव्हाचा कणही राहू नये म्हणून माझं रबर फेकतील, मला घासूनपुसून उकळत्या पाण्यात घालतील आणि ज्ञानदाच्या नावाखाली पुन्हा भाकरी येईल. या वेळी झाकणाच्या आड नाही. नाही आलं, तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. कुणाचा डबा भरलेला परत आला तर त्याला नखरेल म्हणू नका. रिकामा आला तरी लगेच शाबास म्हणू नका. आधी शेजारी बसा आणि विचारा, दुखतं का रे?

सकाळ झाली आहे. ज्ञानदानं चपातीची घडी घातली, क्षणभर तिच्यावर तळवा ठेवला. टक, टक. आत अंधार आहे. चपाती अजून गरम आहे.