उबेने गोठलेला जेल

मी एक जुना औषधी जेल आहे. माझ्या जातीत जुनं होणं ही नामुष्की समजतात, मित्रांनो, कारण आम्ही विरघळून जाण्यासाठीच जन्मतो. थंडीत मी पाण्यासारखा पातळ असतो आणि माणसाच्या अंगाची ऊब लागली की घट्ट होतो. बहुतेकांचं उलट असतं.

मला एका संशोधक बाईंनी घडवलं. पोटात औषध भरून शिकवलं, की सुईतून पातळ जायचं, कर्करोगाच्या गाठीपाशी घट्ट होऊन बसायचं, औषध थोडंथोडं सोडायचं आणि काम संपलं की गाजावाजा न करता नाहीसं व्हायचं. बाई मला इतकं जपत, की घरात आपल्याला एवढा मान नाही, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी माझी वाट पाहत होत्या. त्यांच्या मानेतली गाठ रक्तवाहिन्यांना अशी बिलगली होती, की शस्त्रक्रियेची सोय नव्हती. दुसरा जेल तयार व्हायला बरेच आठवडे लागणार होते, आणि गाठीला थांबायची सवय नव्हती.

मला टोचायच्या आदल्या दिवशी सभागृहात माझी ओळख करून देण्यात आली. पडद्यावर आलेख, टाळ्या, चहा, बिस्किटं. झाडून सगळे डॉक्टर आले. मला हातात धरणार होत्या त्या सिस्टर तेवढ्या वॉर्डात राहिल्या. त्यांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

सिस्टरांची एक सवय होती. थंड सुई त्या कुणाला लागू देत नसत. सिरिंज आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायच्या. त्या दिवशी सिरिंजमध्ये मी होतो.

“तुमच्या हातची सुई कळतच नाही बघा,” मावशी म्हणाल्या.

“कळू देईन कशी? डोळे मिटा,” सिस्टर म्हणाल्या, आणि मला आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

इतक्या मायेने मला कुणी धरलं नव्हतं. मी गोठलो. डॉक्टरांनी दट्ट्या दाबला, मग जोर लावला. मी जागचा हललो नाही.

थंड केल्यावर मी पुन्हा पातळ झालो, पण एकदा गोठलेलं औषध माणसाला द्यायचं नाही, असा नियम होता. नियम बरोबरच होता. बाई दुसरा जेल घेऊन आल्या, तेव्हा मावशींची खाट रिकामी होती. परत न्यायला म्हणून मला टेबलावर काढून ठेवलं होतं. मावशींची मुलगी कपड्यांची पिशवी न्यायला आली होती. तिने सिस्टरांचे हात हातात घेतले.

“आईला तुमची सुई कधी थंड लागली नाही. सारखी सांगायची.”

मुलगी गेल्यावर सिस्टरांनी दोन्ही हात खिशात घातले.

मित्रांनो, माया जरूर करा, पण समोरच्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि ज्यांच्या हातून काम व्हायचं आहे, त्यांनाही चहाला बोलवत जा.

मी आता प्रात्यक्षिकापुरता उरलो आहे. विद्यार्थी मला मुठीत धरतात, मी घट्ट होतो, ते खूश होतात. दर वेळी क्षणभर मला वाटतं, पोचलो.