उताराचं गणित

थोरली मातीचं गणित करायची. डोंगर कापला, खड्डा खणला, तर माती किती भार झेलेल आणि कुठे हार मानेल, हे ती संशोधन संस्थेतल्या संगणकावर आधी मांडून बघायची. धाकटा भाऊ तिची खेचायचा. "ताई, तू पडद्यावर माती उकरतेस आणि शाबासकी घेतेस. मी खरी उकरतो आणि घरी येऊन पाय धुतले नाहीत म्हणून बोलणी खातो." तो खोदाईचं यंत्र चालवायचा. रस्त्यासाठी कापलेल्या उताराच्या पायथ्याशी तो काम करत होता, तेव्हा वरची कड खाली आली. तो यंत्रासकट गाडला गेला.

उतार का कोसळला हे शोधायचं काम तिच्याच विभागाकडे आलं. प्रमुख म्हणाले, "हे तू करू नकोस. दुसऱ्या कोणाला देतो."

"दुसऱ्याने केलं तरी मी त्याच्या मागे उभी राहून बघणारच, सर. मलाच करू द्या."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवले.

तिने तो उतार पडद्यावर बारीक त्रिकोणांत मांडला. प्रत्येक त्रिकोणात मातीचं वजन, चिकटपणा, कणाकणांमधलं घर्षण भरलं. अशी माती कण एकमेकांवर दाबले जातात म्हणून उभी असते. दाब जास्त, तर पकड घट्ट. वरच्या बाजूला एक पाइप फुटून पाणी आत मुरत राहिलं होतं. पाणी शिरलं की कणांवरचा दाब कमी होतो आणि पकड सुटत जाते. ती पाणी हळूहळू चढवत गेली. भार काढला की जागेवर येणारी माती पडद्यावर निळी दिसायची, एकदा सरकली की कधीच मागे न येणारी लाल. लाल रंग पायथ्याशी उगवला, वळण घेत वर चढला आणि कडेला जाऊन टेकला. तिथून पुढे गणित जुळेच ना. म्हणजे उतार उरलाच नव्हता.

पायथ्याशी यंत्राचं वजन म्हणून एक बाण होता. त्याच्याकडे तिला बघवेना. तिने बाण पुसून गणित पुन्हा चालवलं. उतार तरीही कोसळला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे वडील, आप्पा, स्वयंपाकघरात बसले होते.

"झालं तुझं काम?"

"झालं. त्याची काही चूक नव्हती, आप्पा. यंत्र तिथे नसतं तरी ती कड पडलीच असती."

"त्याच दिवशी?"

"हो. त्याच दुपारी."

आप्पांनी समोरचा चहा बाजूला सरकवला. "सकाळी तो म्हणाला होता, अंगात कसकस आहे, आज जात नाही. मीच म्हटलं, नाटकं पुरेत, ऊठ."

हे तिला ठाऊक नव्हतं. ती घाईने म्हणाली, "गणित एखाद्या दिवसाने चुकूही शकतं, आप्पा."

"तुझं चुकलंय का?"

तिला खोटं बोलता आलं नाही. आप्पांनी काय ते ओळखलं.

त्यांनी विचारलं, "तो गेला नसता तर यंत्रावर कोण बसलं असतं?"

"त्याचा जोडीदार. बदलीवर तोच असतो."

"मुलगी झाली ना त्याला आत्ताच?"

"हो."

"मग तो घरी राहिला असता तर बरं, असंही मागता येत नाही," आप्पा म्हणाले, आणि तोंडावर हात धरून रडू लागले. ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून तीही रडली.

चालक निर्दोष असल्याचा निष्कर्ष तिने लिहून दिला. तो मान्यही झाला. पण त्यानंतर आप्पांनी घरात कोणाला हाक मारून उठवलं नाही. तिला उठायला कधी उशीर झाला, तर ते खोलीच्या दारापर्यंत यायचे, थोडं थांबायचे आणि काही न बोलता परत जायचे. पांघरुणाखाली जागी असलेली ती त्यांची पावलं दूर जाताना ऐकत राहायची.