जसं दिलं होतं तसं

माझ्या नवऱ्याला एक रोग आहे. मोडकं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तर चहा येईपर्यंत हा खुर्चीचा हलणारा पाय तपासतो, आणि निघताना त्यांनी दार उघडलं की म्हणतो, "बिजागरीत तेल घाला जरा, करकरतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एका मोठ्या हॉटेलात त्याला याच रोगाचा पगार मिळतो. गळका नळ, न लागणारी कडी, भिंतीचा पोपडा, जे काही असेल ते पाहुण्याच्या नजरेला पडायच्या आत नाहीसं करायचं. त्या खोल्यांत एक रात्र काढायची आमची ऐपत नाही, पण त्याचा हात लागला नाही असा एक नळ तिथे सापडायचा नाही.

मी कपडे अल्टर करते. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. दुकान आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की आलं. लेकीची शाळा त्याच रस्त्याच्या टोकाला. नवऱ्याचं हॉटेलही पायी जाण्यासारखं. या शहरात असं घर आमच्यासारख्यांना मिळत नसतं. आम्हाला मिळालं, कारण तेव्हा त्या घरात राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

बाथरूमचा नळ रात्रंदिवस ठिबकायचा. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी पुठ्ठा होता. आणि दाराशेजारी एक अडगळीची खोली, अंधारी, मालकीणबाईंच्या जुन्या ट्रंकांनी भरलेली. मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, स्वभावाने सरळ होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी या घरात एक पैसा घालणार नाही. तुमचं तुम्ही करून घ्या. मी भाड्याला हात लावणार नाही." बाई शब्दाला जागल्या. आम्हीही जागलो. आम्ही म्हणजे हा.

किती वर्षं तो त्या घराच्या मागे लागला होता ते विचारू नका. सुट्टीच्या दिवशी माणसं फिरायला जातात, हा भिंत खरवडायचा. ओल कुठून येते ते शोधून काढलं, नळ बदलले, फरशी बदलली. हॉटेलात काढून टाकलेली कपाटाची दारं आणून अशी बसवली की मूळची तिथलीच वाटावीत. आणि एकदा त्या अडगळीच्या खोलीची भिंत बोटाने वाजवत वाजवत एका जागी थांबला. म्हणाला, "इथे पोकळ आहे." कुणीतरी कधीकाळी बुजवलेली खिडकी होती ती. काकूंना विचारून त्याने ती उघडली, चौकट बसवली, ट्रंका वरच्या माळ्यावर गेल्या, आणि लेकीला स्वतःची खोली मिळाली. खोली कसली, पलंग आणि टेबल ठेवलं की संपली. पण दुपारचं ऊन थेट टेबलावर यायचं. लेक ऐटीत म्हणायची, "माझ्या खोलीत येताना दार वाजवायचं."

मग काकू थकल्या आणि मुलाकडे राहायला गेल्या. घराचा कारभार चिरंजीवांकडे आला.

चिरंजीव पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा मी दुकानात होते, आणि तीच चूक झाली. मी घरी असते तर चहा पाजून दारातूनच वाटेला लावलं असतं. नवरा एकटा होता आणि समोर घर बघायला आलेला माणूस. याला तर कधी कुणी विचारतच नाही, काय केलंस म्हणून. हॉटेलात याचं काम चांगलं झालं याचा अर्थच असा की ते कुणाला दिसलं नाही. मग काय, भाविकाला देऊळ दाखवावं तसं याने अख्खं घर दाखवलं. ही ओल अशी थांबवली. हा नळ बघा, एका बोटाने बंद होतो. आणि ही खिडकी, हात लावून बघा, वाऱ्याची फट नाही.

संध्याकाळी मी आले तर स्वारी खुशीत. "भला माणूस आहे गं. फार कौतुक केलं. म्हणाला, हे तर दोन बेडरूमचं घर झालं की."

पुढचं काय ते मला तिथेच कळलं. याला नाही कळलं.

पुढच्या आठवड्यात चिरंजीवांचा फोन. भाडं जवळजवळ दुप्पट. इथून पुढे दोन बेडरूमचं भाडं पडेल, आजूबाजूला सगळीकडे तेच चालू आहे, मी तर कमीच सांगतोय. मी फोन नवऱ्याच्या हातातून घेतला आणि काकूंच्या शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, "आईचा काळ वेगळा होता." माणूस अगदी गोड बोलतो. शिव्या देणारा परवडला. शेवटी म्हणाले, "नसेल जमत तर महिनाअखेर रिकामं करा, माझा आग्रह नाही. फक्त घर जसं दिलं होतं तसं परत द्या, एवढं बघा."

आम्ही घरं शोधायला लागलो. शोधायला लागलो म्हणजे रांगेत उभे राहायला लागलो. प्रत्येक घराला जिन्यापर्यंत रांग. एका ठिकाणी दलालाने विचारलं, मूल आहे का? आहे म्हटल्यावर पुढच्या माणसाकडे वळला, जणू मी खोकला असल्याचं कबूल केलं होतं. एक खोली मिळत होती, तिच्यात बाथरूमला दार नव्हतं. नवरा म्हणाला, "दार मी बसवेन." मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या दिवशी परत येताना माझ्या डोक्यात ते आलं. जसं दिलं होतं तसं.

"तुझ्याकडे ते जुने नळ असतील ना?" मी विचारलं.

असणारच. माझा नवरा काही फेकत नाही. पलंगाखाली खोक्यात सगळं होतं, जुने नळ, गंजलेल्या बिजागऱ्या, मूळची कपाटाची दारं. पुठ्ठासुद्धा, घडी करून. मी त्याला म्हटलं, "तो म्हणतोय तसंच देऊ की. अगदी तसंच. रविवारी लोक घर बघायला येणार आहेत. येऊ देत. ठिबकता नळ बघतील, पुठ्ठा बघतील, अंधारी खोली बघतील. कोण देतंय दोन बेडरूमचं भाडं? मग येईल झक मारत आपल्याकडे, की जुन्या भाड्याला राहा म्हणून."

तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, "चांगलं असलेलं बिघडवायचं?"

"हो."

"मी कधी केलं नाही तसं."

"मग आता शिक," मी म्हटलं. "की तुझ्या खिडकीचं कौतुक ऐकत रस्त्यावर झोपायचंय?"

बोलले ते बोलले. मला अजूनही त्यात काही चूक वाटत नाही.

शनिवारभर तो काम करत होता. एरवी काम करताना हा गुणगुणतो, त्या दिवशी तोंडाला कुलूप. कपाटाची दारं उतरवली, जुनी लावली. काच काढून कागदात गुंडाळली आणि पुठ्ठा लावला. बाथरूममध्ये जुना नळ बसवला. मी जाऊन बघते तर नळ कोरडा ठणठणीत. एक थेंब नाही.

"हा ठिबकत का नाही?"

तो ओशाळला. "वायसर नवा टाकला मी. सवयीने."

"काढ तो."

त्याने पाना घेतला, नळ उघडला, नवा वायसर काढला आणि झिजलेला परत टाकला. असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. नळ ठिबकायला लागल्यावर उठून हात धुतले, आणि ते स्वयंपाकघरात येऊन धुतले.

शेवटी लेकीची खोली राहिली. टेबल बाहेर आलं, पलंग बाहेर आला, माळ्यावरच्या ट्रंका परत खाली उतरल्या. खिडकीवर त्याने आतून मापाची फळी बसवली. तीसुद्धा इतकी नीट बसवली की मला रडावं की हसावं कळेना. लेक पुस्तकं छातीशी धरून दारात उभी होती. मी म्हटलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे गं. परत उघडायचीय." तिने दार वाजवलं, दोनदा, आणि आत न जाता वळून हॉलमध्ये जाऊन बसली.

रविवारी माणसं आली. रांग जिन्यावरून उतरून खाली फाटकाबाहेर गेली होती. चिरंजीव दारात उभे राहून एकेकाला आत सोडत होते. त्यांनी आमचा सगळा कारभार बघितला, पुठ्ठा बघितला, फळी बघितली, आणि माझ्याकडे बघून नुसते हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी कंबर कसून उभी होते. प्रत्येकाला सांगत होते. ओल येते. नळ ठिबकतो. रात्री झोप लागत नाही त्या आवाजाने.

एक नर्स म्हणाली, "मी रात्रपाळीलाच असते."

एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा म्हणाले, "मला ऐकू कमी येतं." आजींनी विचारलं, "जिना चढताना मध्ये टेकायला जागा आहे ना?"

"काच नाही तिथे," मी एकीला म्हटलं.

"पुठ्ठा आहे की," ती म्हणाली.

मी ओलीचा डाग कुठे यायचा ते दाखवलं, तर तिघे मित्र तिथेच उभं राहून कुणाची गादी कुठे टाकायची ते ठरवायला लागले. कुणी तोंड वाकडं केलं नाही. कुणी एकदासुद्धा "छे" म्हटलं नाही. मी दोष सांगत होते आणि ती माणसं माना डोलावत होती, भीती एवढीच की मागचा जास्त जोरात मान डोलावेल. मला त्यांची चीड आली. मग आठवलं, बिनदाराच्या बाथरूमसमोर गेल्याच आठवड्यात आम्ही असेच उभे होतो.

शेवटी एक माणूस आला, बायको आणि तान्हं मूल घेऊन. खिशातून टेप काढला. तो सरळ अडगळीच्या खोलीत गेला, ट्रंका सरकवल्या आणि बोटाने फळी वाजवली.

"इथे खिडकी आहे ना? रस्त्यावरून दिसते," तो म्हणाला. "ही उघडली की बाळाची खोली होईल."

त्याने चिरंजीवांनी सांगितल्याच्या वर भाडं द्यायची तयारी दाखवली. सगळी दुरुस्ती स्वतःच करून घेईन म्हणाला. मी काहीतरी बोलणार होते, चांगलं लागेल असं, पण त्याआधी माझा नवरा पुढे झाला.

"फळी काढताना वरचे स्क्रू आधी काढा," तो त्या माणसाला म्हणाला. "नाहीतर चौकट चिरेल. आणि नळाला फक्त वायसर लागतोय, नवा नळ घेऊ नका."

मग त्याने खिशातून तो कालचा वायसर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

चिरंजीव माझ्या बाजूला उभे होते. अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरं केलंत हं, जसं होतं तसं करून ठेवलंत. नव्या माणसाला आपल्या मनासारखं करून घ्यायला बरं पडतं." आणि ते खरंच बोलत होते, टोमणा नव्हता तो. या माणसाला नळाशी घेणंदेणं नव्हतं, तो ठिबको की न ठिबको. चार भिंती उभ्या आहेत आणि जिन्यावर रांग आहे, एवढं त्याला पुरे होतं. माझ्या नवऱ्याने इतक्या वर्षांत काय केलं आणि एका शनिवारात काय मोडलं, दोन्ही सारखंच बिनकामाचं.

आता आम्ही थोरल्या दिरांकडे आहोत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हॉलच्या अर्ध्या भागात पडदा लावून. लेक दोन बस बदलून जुन्या शाळेत जाते आणि तिथून आली की काही सांगत नाही. मी दुकान सोडलं, इथे घरातच पँटा आखूड करते. जाऊबाई वाईट नाहीत. फक्त कपाट उघडण्याआधी मला त्यांची परवानगी घ्यावीशी वाटते, आणि ते त्यांनाही कळतं.

त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. आल्या दिवसापासून मी वाट बघत होते, हा आज उठेल, उद्या उठेल. शेवटी परवा दुपारी जाऊबाईच म्हणाल्या, "भावजी, तो नळ जरा बघता का? तुमच्या हातचा मळ आहे."

"हत्यारं नाहीत हो वहिनी," हा म्हणाला. "हॉटेलात राहिली."

लेक पलंगावर बसून मांडीवर वही घेऊन लिहीत होती. तिचे पाय खाली पोचत नाहीत, म्हणून ती ते हत्यारांच्या पेटीवर टेकवते. तिने वर बघितलं, आपल्या बापाकडे, मग माझ्याकडे. मग पाय उचलून वर मांडी घातली.

जाऊबाई आत गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

तो पडद्याची कड बघत होता, तिची शिवण उसवली आहे. एरवी त्याने मला लगेच सांगितलं असतं, सुई घे म्हणून.

"ठिबकू दे," तो म्हणाला. "ठिबकतोय तोवर राहू देतील."

मी उठले आणि नळाखाली भांडं सरकवलं.